तीन हजार नवरे आणि एक वेल

पोतं उपडं करताच पाल्याबरोबर चार हिरवी-नारिंगी फळं जमिनीवर घरंगळली आणि एबांगाच्या हातातली सुरी थांबली.

फळं म्हणजे मादी. एरू म्हणजे पानांची भाजी करतात ती रानवेल; तिच्यात नर वेगळा, मादी वेगळी. आणि गावच्या रानात फळं धरणारी वेल गेली नऊ वर्षं एकच उरली होती. बाकीच्या पोत्यांत बसून बाजारात गेल्या.

"ओबेन!" ती ओरडली. "हा पाला कुठून आणलास?"

रोपवाटिकेचा ड्रायव्हर ओबेन जीप पुसत होता. बारा वाजता राजधानीहून, याउंदेहून पाहुणे येणार होते. एरू संवर्धन केंद्राचं उद्घाटन होतं, आणि एरूच्या उद्घाटनाला एरूचीच भाजी नसली तर लोक काय म्हणतील, असं केंद्राच्या न्दिफोर साहेबांचं मत पडलं होतं.

"ओढ्यापलीकडनं, मान्यी." जुळी मुलं झाल्यापासून सगळं गाव एबांगाला मान्यी, म्हणजे जुळ्यांची आई, असंच म्हणे. "पिवळी फीत बांधलेल्या झाडावरनं."

"ती फीत कशाला बांधली होती, ठाऊक आहे?"

"कुणी तोडू नये म्हणून."

"मग?"

"मग काय, सापडली पटकन! नाहीतर एवढ्या रानात मी कुठे धुंडाळत बसलो असतो?"

फितीची जागा एबांगानेच दाखवली होती. तिच्या आईने मरायच्या आदल्या वर्षी तिला ती वेल दाखवली होती आणि बजावलं होतं, पानं खुडायची, वेल ओढायची नाही, आणि जागा कुणाला सांगायची नाही. साहेबांनी मात्र फॉर्म पुढे केला होता. 'ठिकाण' या रकान्यात ओढा, खडक, वारूळ, सगळं तिने भरभरून सांगितलं होतं.

"पानं खुडलीस की वेल ओढलीस?"

"खुडायला वर कोण चढणार? आधी झाड पाडलं, मग ओढली. मुळासकट आली बघा."

"मूळ कुठंय?"

"ओढ्यात टाकलं. पोतं उगाच जड झालं असतं."

"तुझी अक्कल पण त्याच ओढ्यात का रे?"

पाला चिरणाऱ्या बायका हसल्या. एबांगा हसली नाही. ती सुरी घेऊनच मांडवात गेली.

न्दिफोर साहेब खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. सुरी पाहून त्यांनी स्वतःच्या नावाची खुर्ची एक रांग मागे नेली.

"शांत व्हा, मान्यी. आपल्याकडे तीन हजार रोपं आहेत."

"तीन हजार नवरे आहेत!"

हे खरं होतं. एरूचं बी रुजायला वर्ष लागतं, आणि रुजलं तर रुजलं, म्हणून साहेबांनी फांद्यांची कलमं लावली होती. सगळी एकाच वेलीची, कारण जीप तिथवरच जात असे. ती वेल नर होती, आणि नराच्या फांदीतून नरच निघतो. एबांगाने हे दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. साहेबांनी ते सूचनांच्या वहीत लिहून घेतलं होतं. वही महत्त्वाची असल्यामुळे कुलुपात होती.

"बी नाही तर धनेश पक्षी काय खाणार? आणि त्याच्या पोटातून बी पडलं नाही तर रानात पुन्हा वेल उगवणार कुठून? का तुमच्या नवऱ्यांची वरात फिरवू रानातनं?"

"पुढच्या आर्थिक वर्षात मादीची तरतूद करू. आता भाजीचं बघा, पाहुणे निघालेत."

"मी नाही चिरणार. पोत्यात अजून फांद्या आहेत, त्यांची कलमं होतील."

"अहो, पण ताटात एरू नसेल तर पाहुण्यांना सांगू काय?"

"सांगा, संवर्धन केलं."

ती परत आली तेव्हा बायकांचे हात थांबलेले नव्हते. केसासारखा बारीक चिरलेला पाला परातीत डोंगराएवढा साचला होता आणि चुलीवर पामतेल तापत होतं. तिने उरलेलं पोतं ओढून घेतलं. पेऱ्याला पान शिल्लक असलेले तुकडे निघाले अकरा.

रोपवाटिकेत जाऊन तिने एका पेटीतले नवरे उपटले. उपटताना तिला जरा बरं वाटलं. मग प्रत्येक तुकड्याचं पान अर्धं कापून तो ओल्या लाकडी भुशात खोचला. फळं निम्मी कच्चीच होती. तीही कडेला पुरली.

पण कोवळ्या कलमांना सावली लागते. रोपवाटिकेवरची हिरवी जाळी सकाळीच उतरवून मांडवावर घातली होती.

"ओबेन, जाळी काढून आण."

"जाळीखाली पाहुणे बसलेत, मान्यी."

बसले होतेच. एरू आपली आई आहे, असं पाहुण्यांनी माइकवरून सांगितलं. टाळ्या पडल्या. मग त्यांनी एक रोप लावलं, अर्थात नवराच, आणि आईची भाजी दोनदा मागून घेतली.

उन्हाने कलमांची अर्धी कापलेली पानं कोमेजायला लागली. समारंभासाठी गावच्या बायकांना एकसारखं कापड वाटलं होतं, हिरव्या वेली छापलेलं. एबांगाने कमरेचं ते कापड सोडलं, चार काठ्या रोवून पेटीवर ताणून बांधलं, आणि विटक्या परकरावर तिथेच बसली.

मांडवातून साहेब हातवारे करत होते. सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा होता. पाहुण्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. एबांगा उठली नाही. ऊन सरकेल तसं कापडाचं टोक ती तेवढं सरकवत राहिली.