भोकरदनहून परत आलेल्या साड्या

मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. जाफराबादला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, सुमेधाबाईंच्या आतल्या खोलीत मी उभा आहे. मित्रांनो, माझ्या एका दाराला आरसा आहे आणि दुसऱ्या दाराची बिजागरी कुरकुरते. खालच्या बाजूने गंज चढत चालला आहे. उभं राहून राहून मी दमलो आहे. कपाटाला कधी बसता येत नाही, हे तुमच्या ध्यानात तरी आलं आहे का?

माझा जन्म जालन्याचा. तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये पुंजाराम नावाच्या कारागिराने मला कापलं, वाकवलं, जोडलं आणि मोरपंखी रंग मारून उन्हात उभं केलं. मला न्यायला राजानंद आला. तो एसटीत कंडक्टर होता, नवीन लग्न झालेला. त्याने माझं दार दोन-तीनदा उघडून लावून पाहिलं आणि पुंजारामला विचारलं, "पुस्तकांचं वजन पेलंल का हे?"

"पुस्तकं?" पुंजाराम हसला. "अहो, लोकं यात दागदागिने ठेवतात."

"आमच्या घरी पुस्तकंच हायेत. बायकोची."

पुंजारामने मग डाव्या बाजूच्या फळ्यांखाली जाड पट्ट्या जोडून दिल्या. त्या पट्ट्या अजून वाकलेल्या नाहीत. बाकी माझं बरंच काही वाकलं आहे.

सुमेधाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. रोज जीपने शेजारच्या गावी जात. माझी उजवी बाजू त्यांच्या साड्यांची आणि डावी पुस्तकांची. त्यांची एक सवय मला फार आवडायची. ब्लाउज शिवून उरलेला कापडाचा तुकडा त्या टाकून देत नसत, त्याचं पुस्तकाला कव्हर घालत. त्यामुळे माझ्या दोन्ही बाजू एकमेकींच्या बहिणी दिसत. ज्या रंगाची साडी त्या दिवशी अंगावर, त्याच रंगाचं पुस्तक पिशवीत. जीप भरेपर्यंत दोन पानं, मधल्या सुट्टीत चार पानं.

वर्षाचे दिवस मला कॅलेंडरवरून कळत नसत, त्यांच्या हातावरून कळत. चैत्र लागला की खळ दिलेल्या सुती साड्या वर यायच्या. चौदा एप्रिलच्या जयंतीला निळ्या काठाची पांढरी साडी निघायची, आणि संध्याकाळी मिरवणुकीतल्या स्टॉलवरून आणलेली नवी पुस्तकं माझ्यात शिरायची, त्यांना छापखान्याचा वास असायचा. पावसाळ्यात गडद, लवकर वाळणाऱ्या साड्या. शिवाय बुद्धविहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन असे. रोज संध्याकाळी बाई तिथे ग्रंथ वाचायला बसत, आणि त्यांचा आवाज इतका स्वच्छ होता की लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्याही पुढे सरकून बसत. दिवाळीच्या तोंडावर राजानंद जालन्याहून दिवाळी अंकांचा गठ्ठा आणायचा. शेजारच्या द्वारकाबाई त्यातला रांगोळ्यांचा अंक आधी पळवायच्या आणि संक्रांतीला परत करायच्या. थंडीत मरून साडी, तिच्यावर बाईंनी स्वतः विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, आणि गच्चीवर उन्हाकडे पाठ करून वाचन.

सगळ्यांना हे पसंत होतं असं नाही. राजानंदची आई शिवकन्याबाई पांढऱ्या लुगड्यात दारात बसलेल्या असत. त्या म्हणत, "शाळंत चालली का लग्नाला?"

राजानंद डबा घेता घेता म्हणायचा, "राहू दे की माय. शोभून दिसून राह्यलं तिला."

माझ्या आरशात तेव्हा बाई हसताना दिसायच्या. आरशाचं काम सोपं असतं, असं मला त्या वर्षांत वाटत होतं.

मग राजानंदची किडनी गेली. संभाजीनगरच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. बाई पहाटे स्वयंपाक करायच्या, शाळा करायच्या, सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन बसने जायच्या. मला उघडायच्या त्या एवढ्याचसाठी, की समोर जी साडी हाताला लागेल ती ओढायची. दोनच साड्या आलटून पालटून. एकदा त्या आरशासमोर केस विंचरायला उभ्या राहिल्या आणि कंगवा केसांत तसाच ठेवून तिथेच डोळे मिटून राहिल्या. डावं दार तर महिनोन् महिने उघडलंच नाही. एका पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी आली. मी लोखंड, मला पुसता येत नाही.

पौषात राजानंद गेला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. राजानंदची बहीण पंचशीला भोकरदनला दिलेली होती, ती मागे राहिली. मनाने वाईट नव्हती. भावाच्या आजारपणात ती पदर खोचून राबली होती. ती माझं उजवं दार उघडून बराच वेळ बघत राहिली.

"वहिनी, तुमच्या भल्यासाठी सांगून राह्यले," ती म्हणाली. "लोकं काय काय बोलतात, तुम्हाला ठावं न्हाई. आता हे लाल-पिवळं घालून तुम्ही शाळंत जाणार का?"

आपल्यात असलं काही मानत नाहीत, असं विहारातल्या भाषणात सगळेच सांगतात. टाळ्याही पडतात. पण गल्लीतल्या नजरा भाषण ऐकायला गेलेल्या नसतात.

बाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "ने, पंचशीला. तुला जे न्यायचं ते ने. मला बिलकुल बोलायची ताकद न्हाई."

पंचशीलाने चादरीत गाठोडं बांधलं. जांभळी गेली, मरून गेली, मोरपंखी गेली, आंबा-कलर गेली. फिक्या तेवढ्या राहिल्या. डाव्या बाजूला मात्र त्याच साड्यांचे तुकडे अंगावर घालून पुस्तकं गुमान उभी होती. शिवकन्याबाई दारातच होत्या. त्यांनी गाठोड्याला वाट करून दिली.

त्यानंतरचे महिने मला नीट सांगता येत नाहीत, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. पुण्याला नोकरी करणारी मुलगी आकांक्षा येऊन गेली. मला धक्का देऊन बघत म्हणाली, "आई, हे भंगारात दे. सरकत्या दाराचं नवं घेऊ." बाई म्हणाल्या, "राहू दे." माझ्यावरच्या मायेने म्हणाल्या असतील असं मी समजत नाही. मला रिकामं करण्याचाही त्यांना कंटाळा होता.

आषाढात विहाराचं काम बघणारे तातेराव घरी आले. "बाई, वर्षावास सुरू होऊन राह्यला. वाचायला तुम्हीच पाहिजे."

"आवाज न्हाई राह्यला, तातेराव. यंदा दुसरं कुणी बघा."

दुसरं कुणी मिळालं नाही. तातेराव स्वतःच वाचू लागले. शिवकन्याबाई रोज जायच्या आणि चिडून परत यायच्या. "हा वाचतो का दगडावरून बैलगाडी नेतो? एक अक्षर समजंल तर शपथ!" चार-आठ दिवस त्यांनी काढले. मग एका संध्याकाळी विहारात न जाता माझ्यासमोर सतरंजी टाकून बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "तूच वाच. इथं. मला एकटीला."

बाईंनी माझं डावं दार उघडलं. ते इतकं जोरात किरकिरलं की दोघी दचकल्या. ग्रंथावरची बुरशी पदराने पुसून बाई वाचू लागल्या. आवाज बसलेला, मधे मधे खोकला. एक पान झालं, दुसऱ्या पानाला डोळे मिटले आणि पुस्तक मांडीवर आलं. शिवकन्याबाईंनी त्यांचा चष्मा काढून बाजूला ठेवला आणि ओळ चुकू नये म्हणून पानात आगपेटीची काडी घातली. ओळ कोणती ते त्यांना वाचता येत नव्हतं. पुस्तक उलटं धरलं असतं तरी त्यांना कळलं नसतं.

असं रोज चाललं. एकदा वाचता वाचता बाई थांबल्या, कारण सासू ऐकत नव्हती, एकटक त्यांच्या साडीकडे बघत होती. धुऊन धुऊन राखेसारखी झालेली साडी.

"सुमेधे, ही साडी बघितली की मला माझे दिवस दिसतात," शिवकन्याबाई म्हणाल्या. "तुझे सासरे साहेबराव गेले तव्हा पंचशीला पाळण्यात होती. माझ्या नणंदेनं माझी लुगडी नेली. ती बी माझ्या भल्यासाठीच नेत होती."

बाईंनी पदराने चष्मा पुसला. मग पुढची ओळ वाचू लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत गेल्यावर शिवकन्याबाईंनी द्वारकाबाईंकडे किल्ली दिली आणि काठी घेऊन जीपस्टँड गाठला. गुडघ्यांनी जेरीला आलेली म्हातारी, एकटी बाजाराला सुद्धा जात नसे. दुपार कलताना परत आली ती डोक्यावर गाठोडं घेऊन. द्वारकाबाई धावत आल्या, पाणी दिलं.

"कुठं गेल्त्या तुम्ही? मला तर घोर लागला!"

"भोकरदनला. लेकीच्या घरी."

"अन् हे काय?"

"सुमेधाच्या साड्या." त्यांना धाप लागली होती. "पंचशीला लई रडली. म्हणली, माय, तू माझी का तिची? मी म्हणलं, तुझीच हाये, म्हणून तर हक्कानं आले. दुसऱ्याच्या दारात गेले असते का मागायला? मंग तिनं गाठोडं आणून पायापाशी टाकलं अन् आत निघून गेली. चहाला बी थांब म्हणली न्हाई."

गाठोड्यात सगळ्या साड्या नव्हत्या. आंबा-कलरचे उशांचे अभ्रे झाले होते, मोरपंखी एका जावेने नेली होती. उरलेल्या शिवकन्याबाईंनी माझ्यात ठेवल्या, चुकीच्या फळीवर, पुस्तकांच्या डोक्यावर.

संध्याकाळी बाईंनी त्या पाहिल्या. हात लावला नाही. "आत्याबाई, कशाला गेलात? पंचशीलाला काय वाटलं असंल?"

"वाटू दे."

"मला आता हौस न्हाई राह्यली हो."

"नको नेसू. पण तुझ्या कपाटात असू दे. हौस आली अन् साडी घरात नसली, तर काय करशील?"

मित्रांनो, पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की बाई दुसऱ्याच दिवशी नटून निघाल्या. तसं झालं नाही. श्रावण निम्मा गेला. मग एका सकाळी जीपचा हॉर्न वाजत असताना त्यांनी जांभळी ओढली, भराभर नेसली आणि आरशात न बघताच निघून गेल्या. जीपमधल्या बायका गप्प झाल्या, असं बाई रात्री जेवताना सासूला सांगत होत्या. शाळेत एकीने टोमणा मारला, एका दुसरीतल्या पोरीने मात्र पदर धरून पाहिला. बाई दमून आल्या होत्या, रोज येतात तशाच. साडीने शीण जात नाही. वर्षावास संपायच्या आधी थोडे दिवस त्यांनी विहारात वाचलं. आवाज पहिल्यासारखा नव्हता, पण म्हाताऱ्या पुढे सरकून बसल्या म्हणे. पंचशीलाचा फोन अजून आलेला नाही. शिवकन्याबाई रोज दुपारी फोन चार्जिंगला लावून बघतात.

आणि एक गोष्ट फक्त मला ठाऊक आहे. एका दुपारी घरात कुणी नसताना शिवकन्याबाईंनी माझं दार उघडलं. मरून साडी काढली, तिची घडी खांद्यावर धरली आणि आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग साडी परत ठेवली, पण घडी त्यांना जमली नाही.

बाईंनी संध्याकाळी ती विस्कटलेली घडी पाहिली. नीट करून ठेवली, विचारलं काही नाही. रात्रीचं वाचन झाल्यावर मात्र पुस्तक मिटता मिटता म्हणाल्या, "आत्याबाई, रविवारी बाजारात जाऊ. तुमच्यासाठी लुगडं घेते, रंगीत. तुम्हाला कोणता रंग आवडायचा?"

शिवकन्याबाईंनी छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कुणी इचारलंच न्हाई कधी," त्या म्हणाल्या. "आता ध्यानात न्हाई, बाई."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. माझ्या बिजागरीला दोन थेंब तेल घातलंत तर मी आणखी काही वर्षं उभा राहीन, नाही घातलंत तर भंगारात जाईन, त्याचं मला फारसं दुःख नाही. पण तुमच्या घरात दारापाशी बसलेलं कुणी असेल, तर त्यांना आजच विचारून घ्या, कोणता रंग आवडतो, कुठलं पुस्तक ऐकायचं आहे. त्यांना आठवतंय तोवर विचारा.