शिंगाची मूठ

गंज सगळ्या वस्तऱ्यावर नव्हता. मिटल्यावर पातं मुठीच्या आत जेवढं जायचं, तेवढ्यावरच होता. बाहेर राहणारी शेपटी अजून चकचकीत होती. दोन्हींमधली रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. मी मूठ नाकाशी नेली. कापराचा मंद वास, आणि त्याखाली काहीतरी आंबट. पिवळी मूठ बोटाखाली साखरेसारखी चुरली.

"काय झालं बाई?" मागाच्या खड्ड्यात बसलेल्या मामाजींनी विचारलं.

मामाजी म्हणजे माझे सासरे, गोमाजी. आंधळगावात ते कोशाचं रेशमी कापड विणायचे, मी शाळेत विज्ञान शिकवायची. घरात आम्ही दोघंच. वस्तरा माझ्या नवऱ्याचा. बहात्तर साली भिलाईला कामाला निघताना ते म्हणाले होते, "राहू दे, दिवाळीला आलो की लागेल." त्या दिवाळीला आले नाहीत. वेगळे राहणारे दीर चौकशीला जाऊन आले. ठेकेदार म्हणाला, टोळीबरोबर पुढे राउरकेल्याकडे गेला. त्यापुढे काही कळलं नाही.

दसऱ्याला मागाची पूजा होते. मी दरवर्षी वस्तराही पेटीतून काढून त्याला हळदकुंकू लावायची. मिटलेलाच. या वर्षी, एकोणऐंशीत, पहिल्यांदा उघडला.

"मूठ सेल्युलॉइडची आहे, मामाजी. जुनी झाली की तिच्यातून आम्ल सुटतं. वस्तरा उघडा राहिला असता तर उडून गेलं असतं. मिटून होता, म्हणून पात्याला लागलं."

"म्हणजे तू जपून ठेवला म्हणून खराब झाला."

मी वस्तरा फडक्यात गुंडाळायला लागले.

"तुले नाही बोलून राहिलो मी," ते म्हणाले. "पोलाद चांगलं हाये. मूठ नवी करू."

नागपूरला माझ्या प्राध्यापिका होत्या, कौशल्याबाई. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक जागा आहे, ये, असा त्यांचा निरोप दर उन्हाळ्यात यायचा आणि मी 'पुढच्या वर्षी' म्हणायची. हे परत आले आणि मी घरी नसले तर, एवढंच मनात असायचं. या खेपेला त्यांनी सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत थांबते, मग दुसरीला घेईन.

मी मुठीतल्या खिळ्याचं डोकं कानशीनं घासून जुनी मूठ काढली. पात्याला तेल लावून बारीक पॉलिश पेपरनं घासत बसले. लाल रंग गेला, काळे ठिपके राहिले. ते खोल होते. आणखी घासलं असतं तर पातंच उरलं नसतं.

मामाजींनी भिंतीवरच्या खुंटीचा धोटा उतरवला. म्हशीच्या शिंगाचा, होडीसारखा, मागावर आडवं सूत घेऊन धावणारा, आत सुताच्या कांडीला जागा असलेला. माझ्या नवऱ्याचा. हे भिलाईला गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मामाजींनी तो पायाखाली धरून करवत लावली.

"तो कशाला कापता? बाजारातून शिंग आणू."

"बाजारातलं शिंग काय हातावर मुरलं हाये?" करवत थांबली नाही. "मी माझ्या धोट्यानं विणतो. अन् ज्याले यानं विणायचं होतं..."

धोट्याच्या दोन भिंतींच्या दोन पट्ट्या झाल्या. आम्ही त्या गरम पाण्यात ठेवून पाट्याखाली दाबल्या, काचेच्या तुकड्यानं तासल्या, राख आणि तेलानं घासल्या. उजेडात धरल्यावर धुराच्या रंगाचं शिंग आरपार दिसायला लागलं. एका पट्टीत सूत बाहेर यायचं भोक होतं. दुसरीत तसंच पाडलं आणि पितळी तारेचा खिळा त्यातूनच घातला.

"मास्तरीन, ढिला ठेवशीन तर कोणाचं तरी नाक जाईन."

"जाईल तर तुमचं. दाढी तुमची वाढली आहे."

ते हसले. पथरीवर धार त्यांनी लावली, चामड्याच्या पट्ट्यावर मी फिरवली.

सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. मी पाण्याची वाटी, साबण आणि आरसा त्यांच्यापुढे ठेवला. आरसाही नवऱ्याचाच. हे दाढी करायचे तेव्हा मी शेजारी उभी राहायची. अर्धा गाल साबणात असताना ते मुद्दाम माझ्याशी बोलायचे, म्हणजे मला हसू यावं. शेवटी विचारायचे, "झाली?" राहिलेली जागा मी बोटानं दाखवायची.

पातं मामाजींच्या गालावरून सरसर उतरलं. त्यांनी तोंड पुसलं.

"झाली?"

"उजव्या कानाखाली राहिलं."

त्यांचा हात तिथं गेला आणि तिथंच थांबला.

"तोही तिथंच सोडत होता," ते म्हणाले. त्यांनी ती जागा साफ केली, पातं पुसून कोरडं केलं, शिंगाच्या मुठीत मिटलं आणि वस्तरा माझ्यापुढे धरला. "घे. पेटीत ठेव. दिवाळी आलीच."

मी हात पुढे केला नाही.

"नाही, मामाजी. तुम्ही वापरा आता. वापरून झाला की उघडाच वाळवत जा. मी कौशल्याबाईंना हो म्हणते. मी नागपूरला जाते."