वैशाखातला छापा-काटा

आमच्या घरच्या माणसाचा पैशावर जेवढा विश्वास होता, तेवढा माझ्यावर असता तर मळा वाचला असता. पैसा म्हणजे धनदौलत नव्हे. पंचम जॉर्जचं डोकं असलेला एकच तांब्याचा पैसा.

अनसिंगजवळ आमचा भाजीचा मळा, बांधापलीकडे हबीबभाईंचा. विहीर मधोमध, दोघांची सामाईक. उन्हाळ्यात तिचं पाणी दिवसाकाठी एकाच मळ्याला पुरे. अर्धं-अर्धं वाटलं तर पाटच ते पिऊन टाकी, शेवटच्या वाफ्यापर्यंत काही पोचत नसे. पूर्वी एकाआड एक दिवस पाळी होती. काल पाळी कोणाची होती, यावरून दोघांच्या बापांनी एकमेकांची डोकी फोडली, तेव्हापासून रोज सकाळी पैसा उडवायचं ठरलं. छापा पडला की पाणी आमचं, काटा पडला की हबीबभाईंचं. सरतेशेवटी दोघांना सारखंच पाणी मिळतं, हे आमच्या ह्यांचं पालुपद. ते खरंही होतं, आणि म्हणूनच माझं डोकं फिरायचं.

त्या वर्षी मी आईच्या बियाची वांगी लावली होती, जांभळी, पांढऱ्या रेघांची. आई गेली, माहेरचा मळाही गेला. मागल्या खेपेला बियासाठी राखलेली फळं किडली, म्हणून उरलेलं मूठभर बी सगळंच पेरलं होतं. झाडं फुलावर आली आणि भर वैशाखात काटा पडू लागला.

दोन दिवस झाडांनी माना टाकून कळ काढली. तिसऱ्या दिवशीही काटा, चौथ्याही.

"हबीबभाईले मांगा ना आजचं पाणी," मी म्हटलं.

"कायले? इतके डाव त्याचे झाले, आता आपलाच हाय. उद्या छापा पडल्याबिगर राह्यत नाही."

"काल काय पडलं, ते पैशाले काय मालूम?"

"तुले नाही समजत."

समजत नव्हतं ते ह्यांनाच. पैसा काही कालची आठवण उशाशी घेऊन झोपत नाही. सकाळी तो कोराच असतो.

पाचव्या दिवशीही काटा पडला, तेव्हा हबीबभाईंनाच राहवलं नाही. त्यांनी पाट फोडून पाणी आमच्याकडे वळवलं.

"गुलाबराव, माहे वाफे ओले हायेत. आज तू घे. भाबीचे वांगे मरून राह्यले."

पाणी पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी आलं होतं. ह्यांनी फावडं उचललं आणि चिखल ओढून पाट बुजवला.

"मले माहा हक्क पायजे, मेहेरबानी नाही. आज असं घेतलं तं उद्याचा माहा डाव कटन."

हबीबभाई माझ्याकडे बघत राहिले. मी दात आवळून उभी होते. नवऱ्याच्या हातातलं फावडं हिसकावणारी बाई आमच्या गावात अजून जन्माला यायची होती.

प्यायच्या घागरीतून मी दोन झाडं जगवली. पानं राहिली, फुलं गळाली. फूल नाही तर फळ नाही, आणि फळ नाही तर बी कुठलं? बाकीच्या मळ्यात काड्या उरल्या.

मग छापा आला. दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशीही, जणू ह्यांचा शब्द राखायलाच. हे पहाटेच मोटेला बैल जुंपत आणि वाळल्या काड्यांना पाणी पाजत. पलीकडे हबीबभाईंच्या भेंडीची पानं सुकायला लागली होती, पण ते तोंडातून शब्द काढीनात. एकदा हात पोळलेला होता.

एके सकाळी पुन्हा छापा पडला. हे मोट हाकताहाकता मोठ्या खुशीत म्हणाले, "पाय, तुळसे. त्याचे जितके डाव, तितकेच आपले झाले. मी काय सांगत होतो?"

"पाण्याचं सारखं झालं," मी म्हटलं. "पण वांग्याले एकच वैशाख होता."

फावडं बांधावर पडलं होतं. मी ते उचललं, पाट फोडला आणि पाणी हबीबभाईंच्या भेंडीत सोडलं.

"काहून?" हे ओरडले. "आज छापा हाय, पाणी आपलं हाय."

"मंग आपलंच देऊन राह्यली ना," मी म्हटलं, आणि भेंडीच्या शेवटच्या वाफ्यात पाणी पोचेपर्यंत फावडं हातातून सोडलं नाही.