चार नंबरची कचरापेटी

"म्हणा बघू," स्थानकप्रमुख म्हणाले. "'आता आपलं शहर सुरक्षित आहे.' पाचच शब्द."

मोठीने झाडू भिंतीला टेकवला. "पाचच आहेत तर तुम्हीच म्हणा की साहेब. तुमचा आवाज गोड आहे."

"अहो, विचारणार तुम्हाला! स्थानकातल्या सगळ्यात जुन्या सफाईवाल्या तुम्ही. दहा वाजता पाहुणे येणार, पेटीवरचं कापड काढणार, पहिला कागद तुम्ही टाकायचा. मग बातमीवाल्या बाई विचारतील, शहर पूर्वीपेक्षा सुरक्षित वाटतं का? त्यावर तुम्ही..."

"आणि खोटं निघालं तर?"

"खोटं कसं निघेल? एकशे चाळीस कॅमेरे बसवलेत."

"डोळे तेव्हाही होते," मोठी म्हणाली. "माणसांच्या तोंडावरच बसवलेले."

साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि ते पुढे गेले. मोठीच्या तोंडी लागून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं.

एकोणीस वर्षांपूर्वी या बस स्थानकाच्या चार नंबरच्या फलाटावर, पत्र्याच्या कचरापेटीत कुणीतरी बाँब ठेवला होता. अकरा माणसं गेली. त्यांत मोठीची धाकटी जाऊ होती. दोघी इथेच झाडायला होत्या, एकाच घरातून एकाच बसने यायच्या. दुसऱ्याच दिवशी स्थानकातल्या सगळ्या एकसष्ट पेट्या उपटून नेल्या. पेटीच नाही, तर बाँब ठेवणार कुठे? शहाण्या माणसांचा शहाणा विचार. पण पेटी नेली म्हणून कचरा थोडाच जातो? लोक साली बाकाखाली सरकवू लागले, कागदी कप खांबामागे उभे करू लागले, तिकिटांच्या गोळ्या करून भिंतीच्या भेगांत कोंबू लागले. मोठी म्हणायची, सासूला गावाला धाडलं म्हणून सासुरवास संपत नसतो. एकोणीस वर्षं ती लांब दांड्याची सुपली घेऊन त्या साऱ्या चोरजागा धुंडाळत फिरली.

आता पेट्या परत येत होत्या. शहर सुरक्षित झालं ना! नवी पेटी म्हणजे पेटी नव्हतीच. लोखंडी खांब, त्याला कडं आणि कड्यात लटकणारी आरपार दिसणारी पिशवी. सफाईच्या खोलीतल्या फळ्यावर वाटणी झाली होती, कुठल्या पेटीची जबाबदारी कुणाची. फक्त चारपुढची जागा कोरी होती. चार नंबर घ्यायला कुणी तयार नव्हतं आणि मोठीला विचारायची कुणाची छाती नव्हती.

चार नंबरच्या फलाटाच्या जुन्या खांबावर पितळेची पाटी होती. धाकटीचं नाव आणि खाली 'नेमून दिलेल्या जागी कर्तव्य बजावताना'. मोठीला अक्षरं जुळवून वाचता येत असे. पाटी मात्र ती रोज मान वळवून पुसायची. लोक म्हणत, बघा, अजून दुःख ताजं आहे.

धाकटीची लेक तेव्हा चार वर्षांची होती. बापाने वर्षाच्या आत दुसरा संसार थाटला. पोर मोठीने वाढवली, शिकवली, रागे भरली, माणसांत आणली. आता ती वरच्या काचेच्या खोलीत बसून कॅमेरे बघायची. ती 'मोठी आई' म्हणे म्हणून सारं स्थानकच मोठी आई म्हणू लागलं. पाठीमागे मात्र मोठीचं नाव होतं 'भोंगा'. कारण तिने दोनदा बाँब म्हणून आरडाओरड करून स्थानक रिकामं करायला लावलं होतं. एकदा बॅगेत गजराचं घड्याळ निघालं आणि दुसऱ्यांदा प्रेशर कुकर. कुकरवाली बाई अजून दिसली की विचारते, "आई, शिट्टी झाली का हो?" दुसऱ्या खेपेनंतर साहेबांनी लेखी बजावलं होतं, आता तिसऱ्यांदा झालं तर घरी बसायचं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मोठी चार नंबरच्या फलाटावर शेवटचा हात फिरवत होती. नव्या पेटीवर निळं कापड टाकलं होतं, भोवती फीत. समोरून बस सुटली. बस सुटते तेव्हा फलाटावर जमिनीलगत एक वारा उठतो. तो मोठीच्या पायांना पाठ होता. तो आला की कागद पळतात, धूळ वळते, बाकावर बसलेल्यांचे कपडे फडफडतात. आज कागद पळाले, फितीची टोकं उडाली.

कापड हललं नाही.

ते ओळंब्यासारखं सरळ उभं राहिलं. त्याखालची पिशवी मोठीने काल संध्याकाळी आपल्या हाताने अडकवली होती. रिकामी पिशवी वाऱ्याने फुगते. ही फुगत नव्हती. तिच्यात काहीतरी जड होतं.

मोठी दुसरी बस सुटेपर्यंत थांबली. पुन्हा वारा आला आणि गेला. कापड तसंच.

 बाकावर एक बाई बाळाला दूध पाजत होती. तिला मोठी म्हणाली, "बाई, तिकडे सावलीत बसा जा." बाई म्हणाली, इथेही सावलीच आहे. "असू दे. तिकडची थंड आहे. उठा म्हणते ना." बाई पुटपुटत उठली.

मग मोठी झाडू आडवा धरून पेटीपासून पंधरा पावलांवर उभी राहिली आणि तिने एका वाहकाकरवी साहेबांना बोलावणं धाडलं.

साहेब आले ते हात जोडूनच. "आज नको हो. पाहुणे पंचवीस मिनिटांवर आलेत."

"पिशवीत काहीतरी आहे."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं नाही. वाऱ्याने सांगितलं."

"वाऱ्याने!" साहेबांनी कपाळाला हात लावला. "तुमच्या वाऱ्यासाठी मी स्थानक रिकामं करू? आजच्या दिवशी? शहर सुरक्षित झालं म्हणून समारंभ आणि समारंभातच पळापळ? उद्या छापून येईल ते! मला पत्र काढायला लावू नका, मोठी आई."

"पत्र काढा. आधी माणसं काढा."

तेवढ्यात लेक वरून धावत आली. कॅमेऱ्यात तिने सगळं पाहिलं होतं. सात वाजून वीस मिनिटांनी टोपीवाला एक माणूस पेटीजवळ वाकला होता, मिनिटभर. पाठ कॅमेऱ्याकडे. सजावटवाल्याचा माणूस असावा. सजावटवाला फोन उचलत नव्हता.

"झालं तर!" साहेबांचा जीव भांड्यात पडला. "सजावटवालाच तो. कुणीतरी जरा कापड उचलून बघा आणि मिटवा."

कुणी हललं नाही. झाडूवाले साहेबांकडे बघत होते, साहेब घड्याळाकडे.

"मी बघते," लेक म्हणाली. "शिकवलंय आम्हाला. हात न लावता, नुसतं टोक उचलायचं."

ती निघालीसुद्धा. मोठीने झाडू तिच्या छातीशी आडवा घातला.

"मागे हो."

"मोठी आई, सगळे बघतायत."

"बघू दे. मागे हो म्हणते."

"दर वेळी हेच." लेकीचा आवाज खाली आला. "घड्याळ, कुकर. हसतात सगळे, मी वर बसून ऐकते. आईचं झालं ते झालं. तिचं काम होतं, तिची जागा होती, ती गेली. तिने केलं ते मला करू दे."

"तिची जागा नव्हती."

"काय?"

मोठीचा हात झाडूच्या दांड्यावर घट्ट आवळला. "चार नंबर माझा होता. तिचा सहा."

लेक मोठीकडे वळली.

"सकाळी मी पाहिलं, पेटीचं झाकण झुलत नव्हतं. आत काहीतरी कोंबलेलं. माझी पेटी, मी बघायची. पण आदल्या रात्रीपासून मी तिच्याशी धुसफुसत होते. म्हटलं, माझी कंबर धरलीय, जा, चार नंबर तू काढ." मोठी थांबली. "कंबर धरली नव्हती."

"कशावरून?" लेकीने विचारलं. "धुसफूस कशावरून?"

"कंगवा घेतला माझा, न विचारता. केस तसेच ठेवले त्यात."

फलाट तीनवरून एक बस सुटली. वारा आला. निळं कापड जागचं हललं नाही.

"आणि चौकशीत?"

"चौकशीत म्हटलं, चार तिचाच. पाटीवर तेच लिहिलंय. आता मी तुला तिथे जाऊ देणार नाही. माझं तोंड बघू नकोस पाहिजे तर, पण जाऊ देणार नाही."

लेकीचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा झाला, त्यावर काहीच उमटलेलं नाही असा. तिने मोठीकडे पाहिलं नाही. कमरेचा वॉकीटॉकी काढून तोंडाशी धरला. "नियंत्रण कक्ष. फलाट चार. स्थानक रिकामं करा. बाँबशोधक पथकाला बोलवा."

"कुणाला विचारून?" साहेब ओरडले.

"नियमाला विचारून, साहेब."

मग तिने ध्वनिक्षेपकावरून सूचना दिली. आवाज जराही कापला नाही. प्रवाशांनी सामान उचलावं, पळू नये, जवळच्या दाराने बाहेर जावं. वाहक दारांशी उभे राहिले, झाडूवाल्यांनी म्हाताऱ्यांचे हात धरले. ती बाळवाली बाई जाता जाता मोठीला म्हणाली, "तेव्हाच सांगायचं ना सरळ." सहा मिनिटांत स्थानक ओस पडलं. रस्त्यापलीकडे माणसांची भिंत उभी राहिली आणि तिच्यात शेजारी शेजारी मोठी आणि लेक. दोघींच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती. ती कुणी भरली नाही.

पथक आलं. कुत्रं आलं, पेटीभोवती फिरलं आणि खाली बसलं नाही. बसलं असतं तर वाईट, असं कुणीतरी कुजबुजलं. जाड कपड्यांतला एक माणूस एकटाच चालत गेला. एवढी माणसं होती, पण खोकल्याचाही आवाज नव्हता. त्याने लांब काठीने कापड उचललं. बराच वेळ वाकून राहिला. मग सरळ झाला आणि डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं.

वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन विटा होत्या. बसच्या वाऱ्याने पिशवी फुगून कापड सारखं उडत होतं, फोटो चांगला यावा म्हणून सजावटवाल्याने वजन टाकलं होतं.

माणसांच्या भिंतीतून आधी सुस्कारा आला, मग हसू. "भोंगा!" कुणीतरी म्हणालं. साहेब पथकाच्या प्रमुखाला सांगू लागले, या बाईंचं हे तिसरं. प्रमुखाने विटा हातात तोलून पाहिल्या. "साहेब, पेटीत वजन टाकायची परवानगी कुणी दिली होती?" साहेबांनी रुमाल काढला. पत्राचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

पाहुणे अर्ध्या वाटेवरूनच परतले. बातमीवाल्या बाई मात्र आल्याच होत्या. त्यांनी झाडणाऱ्या मोठीला गाठलं. "आजी, खरं सांगा, शहर पूर्वीपेक्षा सुरक्षित झालंय का?"

साहेब लांबून पाच बोटं दाखवत होते.

मोठी झाडतच राहिली. "मागच्या वेळी धूर निघाल्यावर लोक पळाले. तिघं दारात तुडवली जाऊन मेली. नंतर मी झाडलं तेव्हा चपलांचा ढीग निघाला, एवढा. आज सहा मिनिटांत सगळे बाहेर गेले. आत्ताच झाडलंय मी. एक चप्पल सापडली नाही."

"म्हणजे सुरक्षित?"

"ते तुम्ही म्हणा. मी चपलांचं सांगितलं." मग तिने झाडू थांबवला. "आणि ध्वनिक्षेपकावर बोलत होती ना, ती आमची पोर."

दुपारभर लेक काचेच्या खोलीतून खाली उतरली नाही. पाळी सुटायच्या वेळी मोठी सफाईच्या खोलीत हात धूत होती, तेव्हा ती दारात आली.

"आई नको म्हणाली होती का?"

मोठीने नळ बंद केला. "नवे बूट होते पायात. म्हणाली, जाऊबाई, बूट खराब होतील. मी म्हटलं, बूट जपायचे होते तर राणी होऊन जन्मायचं होतंस."

"मग?"

"हसली. आणि गेली."

लेक आत आली. मग फळ्याजवळ गेली, खडू उचलला आणि चारपुढच्या कोऱ्या जागेत लिहू लागली. मोठी अक्षर अक्षर जुळवत बघत होती. 'मोठी आई' नव्हतं लिहिलं. तिचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट, हजेरीपटात असतं तसं.

"मी आधीच्या बसने जाते," लेक म्हणाली. लेक कामाला लागल्यापासून त्या दोघी रोज एकाच बसने घरी जात.

"छत्री घे," मोठी म्हणाली. आभाळ स्वच्छ होतं. लेकीने कोपऱ्यातली छत्री घेतली.

मोठी चार नंबरच्या फलाटावर गेली. पेटीत दिवसभराचा कचरा होता. कप, साली, फितीचे तुकडे. तिने पिशवी सोडवली, गाठ मारली, दुसरी पिशवी झटकून कड्यात अडकवली. मग फडकं काढलं आणि पितळेची पाटी पुसायला घेतली. या खेपेला मान न वळवता. 'नेमून दिलेल्या' या अक्षरांवर तिचं बोट जरा थांबलं.

लेकीची बस सुटली. वारा आला. कड्यातली पिशवी फुगली, क्षणभर भरल्यासारखी दिसली आणि पुन्हा रिकामी होऊन खाली आली.

मोठी आपल्या बसची वाट बघत तिथेच बाकावर बसली.