मिस्त्रींच्या हातची पाचर

मिस्त्रींच्या हाताला थरथर सुटून नऊ वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती: एक स्वतः मिस्त्री, दुसरी त्यांची लेक. गिऱ्हाईक दारात आलं की मिस्त्री कानावर पेन्सिल खोचून, हात पाठीमागे बांधून उभे राहत. गिऱ्हाइकाला वाटे, मोठा कारागीर विचारात आहे. प्रत्यक्षात डावा हात उजव्या हाताला धरून ठेवत असे.

काम लेक करायची. घराची पुढची खोली हाच कारखाना. खाली भुसा, भिंतीला फळ्या आणि मधे ती. पलंग, कपाटं, आरशाची टेबलं, सगळी झोपायच्या खोलीची कामं. तिच्या पलंगात खिळा नसे, स्क्रू नसे, सरसही नसे. आडव्या लाकडाचं टोक पायाच्या खाचेतून आरपार काढायचं आणि त्यात बोटभर लाकडी पाचर ठोकायची, बस्स. माणूस जितका लोळेल तितका सांधा आवळत जाई. लहानपणी ती किडकिडीत होती आणि आईबापाच्या मधे शिरून झोपायची, म्हणून मिस्त्री तिलाही पाचरच म्हणत. आई गेली, नाव राहिलं. गिऱ्हाईक पलंगावरून हात फिरवून म्हणे, "मिस्त्री, काय हात आहे हो तुमचा!" आणि मिस्त्री म्हणत, "देवाची कृपा." लेक तेव्हा आत चहा टाकत असे. मिस्त्रींना लाज वाटायची का? पहिलं वर्षभर वाटली. पुढे सवय झाली.

मग एक दिवस कोपऱ्यावरचा घड्याळजी आला. चाळिशीचा, बायको वारलेली, घरी म्हातारी आई. त्याला डबल पलंग हवा होता. मिस्त्रींनी लांबी विचारली तर म्हणाला, "एका बाजूला माझं माप घ्या." आणि चहा घेऊन आलेल्या लेकीकडे बघत म्हणाला, "दुसऱ्या बाजूला यांचं."

चौतिसाव्या वर्षी पाचर लाजली. मिस्त्री तोंडाने "वा, वा!" म्हणाले. जावई मिळणार होता, पण हात जाणार होता. तेही दोन्ही.

महिनाभर ती त्या पलंगावर खपली. रंधा मारताना गुणगुणायची. उशाकडची फळी तर तिने अशी गुळगुळीत केली की माशीचा पाय घसरावा. मिस्त्री खुर्चीत बसून "कोन तपास" म्हणत, आणि ती म्हणे, "तपासला, बाबा." ही जाताना रंधा नेईल, करवत नेईल आणि माझी अब्रूही त्याच पेटीत घालून नेईल, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

पलंग पोचवायच्या आदल्या दुपारी ती पॉलिश आणायला गेली. मिस्त्रींनी खोक्याच्या ठिसूळ लाकडाचा तुकडा घेतला आणि चाकूने पाचर तासायला बसले. तीन तुकडे वाया गेले, अंगठा कापला, चौथी जमली. चहाच्या चोथ्यात बुडवून तिला सागवानाचा रंग आणला. मग उशाकडच्या पायातली लेकीची पाचर ठोकून काढली आणि ही बसवली. नऊ वर्षांत स्वतःच्या हाताने केलेलं ते त्यांचं पहिलं काम. खरं सांगायचं तर त्यांना जरा अभिमानही वाटला.

त्यांचा हिशोब साधा होता: पलंग कुरकुरेल, घड्याळजीचं मन खट्टू होईल, लग्न बारगळेल. पण त्या पलंगावर आधी आडवी झाली ती घड्याळजीची आई. "बघू तरी व्याह्यांच्या हातचं," म्हणाली. चौथ्या दिवशी उशाकडची बाजू खाली बसली, म्हातारी जमिनीवर आदळली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं.

घड्याळजी मोडकी पाचर रुमालात गुंडाळून घेऊन आला. "मिस्त्री, तुमच्या कामाला असं कसं झालं?"

लेक आतल्या दारात उभी होती. मिस्त्रींना क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. तो क्षण गेला.

"माझं काम नव्हतंच ते," मिस्त्री म्हणाले. "हिनं केला. म्हटलं, स्वतःच्या संसाराचा पलंग, करू दे हौसेनं. बाईच्या जातीला लाकूड काय कळतंय! चुकलंच माझं."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिचं काम तिच्या नावावर केलं.

डोळ्याला भिंग लावून केसाएवढा काटा बघणारा तो माणूस, पण पाचरीकडे त्याने धड पाहिलंही नाही. "आई म्हणते, नको आता हे लग्न," तो म्हणाला, रुमाल झटकून खिशात घातला आणि गेला. पाचर टेबलावर राहिली.

लेकीने ती उचलली, कड बोटाने चाचपली. कड सरळ नव्हती, जागोजागी खालीवर झाली होती. मग तिने बापाच्या अंगठ्यावर अजून बांधलेल्या चिंधीकडे पाहिलं.

"जा की! धाव, सांग त्याला!" मिस्त्री चिरक्या आवाजात म्हणाले.

"कशाला? त्यानं मला एक शब्द विचारला नाही."

एवढंच. रडली नाही, भांडली नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं मिस्त्रींनी मनाशी म्हटलंसुद्धा.

आठवड्याने लॉजची मालकीण आली. बारा खोल्यांसाठी बारा पलंग हवे होते. "पण ऐकलं ते खरं का हो?" तिने विचारलं.

"पोरीनं केला होता तो," मिस्त्री पाठीमागे हात बांधून म्हणाले. "माझ्या हातचा असता तर नातवंडांपर्यंत हलला नसता. आता तिला हत्याराला शिवू देत नाही."

लेक आतून आली. आज हातात चहा नव्हता. रंधलेली फळी, काटकोनाचा गुण्या आणि पेन्सिल होती. तिने सगळं टेबलावर ठेवलं.

"बाबा, बाईंना एक रेघ मारून दाखवा."

"आता? उगाच कशाला..."

"एकच."

मालकीण बघत होती. मिस्त्रींनी हात सोडवले. गुण्या फळीवर टकटकू लागला. रेघ निघाली ती गुण्या सोडून भलतीकडेच, शाईत पडलेली मुंगी चालावी तशी. मालकिणीने रेघ पाहिली, हात पाहिला, मग लेकीच्या तळव्यावरचे घट्टे पाहिले. बाई शहाणी होती.

"तू करशील का गं?"

"नाही," लेक म्हणाली. "माझ्या कामानं माणसांची हाडं मोडतात. बाबांनीच सांगितलंय."

मालकीण गेली. गल्लीभर बोभाटा व्हायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. मिस्त्री खुर्चीत बसले.

"पाचरे, आता खायचं काय आपण?" आणि मग हळूच, "तू... जाणार का सोडून?"

तिने रंधा, करवत, पटाशी पुसून पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप घातलं. मग स्टूल ओढून बापासमोर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"जाऊ कशाला? तुम्हाला मी घरातच हवी होते ना? बसलेय की."

ती बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. मिस्त्रींचा हात खुर्चीच्या दांडीवर टकटक वाजत राहिला, आणि तो लपवावा असं कुणी दारात येत नव्हतं.