चार तासांची भट्टी

आमच्या दाजींना नवी वस्तू आणली की ती कुणालातरी दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. त्या दुपारी मी ताईकडे पोचून पायातली चप्पलही काढली नव्हती, तोच त्यांनी मला भिंगरीच्या खोलीत नेलं. भिंगरी म्हणजे माझी आठ वर्षांची भाची. एका जागी बसेल तर शपथ. ती शाळेत होती.

तिच्या पलंगावर, बरोबर उशीच्या वर, पुस्तकांची लांबलचक फळी बसवली होती. भिंतीतल्या लोखंडी पट्टीला ती चार चकचकीत नव्या क्लॅम्पनी आवळून धरली होती.

"पक्के ब्रॅकेट येईपर्यंत तात्पुरतं. तीन दिवस झाले, केसभर हललेली नाही," दाजी म्हणाले. ते सुतार, सगळ्या गल्लीची, शाळेचीसुद्धा डागडुजी तेच करतात. "मेहुणीबाई, हे क्लॅम्प हत्तीला धरतील."

"हत्तीचं नंतर बघू. आधी तुम्ही लटकून दाखवा."

गडी खरंच लटकला. फळी हूं की चूं करेना. दारातून ताई हसली. मीही हसत जवळ गेले आणि एका क्लॅम्पच्या स्क्रूची मान बघितली. मानेवर दोन वेढ्यांचा बारीक काळा वण होता. माझं हसू तिथंच मेलं.

तो वण माझ्या हातचा होता. मी कारखान्यात मुलामा चढवायच्या खात्यात आहे. मुलाम्याआधी स्क्रू आम्लात धुतात, तेव्हा कडक पोलादात एक वायू शिरतो. नंतर चार तास भट्टीत शेकलं की तो निघून जातो. शेकलं नाही तर आतच राहतो, आणि वरून चांदीसारखा दिसणारा स्क्रू आतून ठिसूळ होतो. चांगला स्क्रू मोडायच्या आधी वाकतो, माणसाला सावध करतो. हा सावध करत नाही. आवळून ठेवला की कधी दोन दिवसांनी, कधी महिन्याने, कुणी हात न लावता तुटतो. तपासणीवाला मिनिटभर वजन टांगतो, त्यात काही कळत नाही.

दोन महिन्यांपूर्वी टांगायचे आकडे कमी पडले म्हणून मी स्क्रूंचा एक घाणा मानेला तांब्याच्या तारेचे दोन वेढे देऊन टांगला होता; त्याचाच हा वण. फाटकात ट्रक उभा होता. मुकादम म्हणाला, "चाळीस मिनिटं पुरे झाली, काढ." भट्टीचं दार मी उघडलं. मला सगळं ठाऊक होतं आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. त्याची लाज आजही वाटते.

"दाजी, पलंग तिकडे सरकवा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, आत्ताच लटकलो की मी!"

"लटकल्याने काही सिद्ध होत नाही."

"माझ्या कामात खोट काढतेस?"

"तुमच्या नाही. माझ्या." मग मी सगळं सांगितलं. ताई माझ्याकडे कुणा परक्या बाईकडे बघावं तशी बघत राहिली.

"आणि तू हे दुकानात जाऊ दिलंस?" ती म्हणाली.

दाजींनी कुरकुरत पलंग समोरच्या भिंतीला लावला. "संध्याकाळी परत आणतो हं," त्यांनी वर बजावलं. फळी उतरवायची तर आधी पुस्तकं काढायला हवीत, चहा घेऊन काढू, असं ठरलं.

चहाचा कप मी ओठाला लावला आणि खोलीतून टक् असा आवाज आला. बोट मोडावं, तेवढाच. पाठोपाठ दुसरा आला, आणि मग सगळं घर हादरलं.

धावत गेलो. मघाशी जिथं उशी होती तिथंच फळी पुस्तकांसकट आदळली होती आणि फरशीला तडा गेला होता. दाजींनी तुटका स्क्रू उचलला. तो कुठंही वाकला नव्हता, खडूसारखा सरळ तुटला होता.

"वाचली गं माझी पोर," म्हणत ताई माझ्या गळ्यात पडली. मलाही रडू आवरेना. डोळे पुसताना खिडकीत ठेवलेलं क्लॅम्पचं रिकामं खोकं दिसलं. आत सहा खाचे होते.

"दाजी, बाकीचे दोन कुठं आहेत?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे.

"शाळेत. वाचनाच्या खोलीतलं उंच कपाट पुढे झुकत होतं, म्हणून त्याच दिवशी भिंतीला आवळून आलो. पोरं खालीच बसतात ना," ते म्हणाले.

ते अनवाणीच रस्त्यावर धावले. त्यांच्यामागे मी. ताई दारात उभी राहून शाळेला फोन लावत होती, पण तिकडे कुणी उचलत नव्हतं. शाळा सुटायला अजून दीड तास होता.