प्रश्नचिन्हाच्या पुढचं नाव

शिवानीच्या लग्नाची पत्रिका छापायची नाही, फोनवरच पाठवायची असं ठरलं, तेव्हा ते काम आपोआप जगदेवीच्या गळ्यात पडलं. ती शिवानीची धाकटी आत्या. चाळिशी उलटल्यावर नवऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून, व्हिडिओ बघबघून ती वेबसाइट बनवायला शिकली होती. विजापूर रोडवरच्या दातांच्या डॉक्टरांची आणि एका चादरवाल्याची वेबसाइट तिच्याच हातची. माहेरी मात्र अजून "ती मोबाईलचं कायतरी करती" एवढीच तिची ख्याती होती.

पान एकच, पण उघडेल त्याला त्याचं स्वतःचं नाव वर दिसलं पाहिजे, अशी तिची कल्पना. त्यासाठी तिनं पत्त्याचाच आधार घेतला. वेबसाइटच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं की त्याच्यापुढे हवं ते लिहिता येतं. सोमशेखरमामांच्या लिंकच्या शेवटी तिनं ?naav=somshekhar लिहिलं. मामांनी पान उघडलं की जावास्क्रिप्टच्या, म्हणजे पानामागं चालणाऱ्या कोडच्या, दोन ओळी पत्ता हातात घेत, प्रश्नचिन्हाशी तो मोडत, अलीकडचं बाजूला सारत आणि पलीकडचं नाव उचलून पानाच्या कपाळावर ठेवत. मामा खूश. आपल्या एकट्यासाठी पत्रिका केली असं त्यांना वाटलं.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी बार्शीच्या शिवपुत्राला, म्हणजे चुलतभावाला, शोध लागला की शेवटचं नाव खोडून दुसरं लिहिता येतं. त्यानं तिथं आपल्या म्हशीचं नाव घातलं आणि 'चंद्री परिवारास आग्रहाचे निमंत्रण' असा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

गुरुबसप्पांनी, म्हणजे जगदेवीच्या थोरल्या भावानं, बाळीवेशीतल्या आपल्या धान्याच्या दुकानात तिला बोलावून घेतलं.

"माझ्या पोरीचं लगीन हाय का तमाशा? उद्या कुणी बी काय बी लिहील."

"यादी लावते की अण्णा. यादीतलं नाव असलं तरच पत्रिका उघडंल."

"आणि नसलं तर?"

"तू सांग काय लिहू."

"लिही, हे निमंत्रण आपल्यासाठी नाही."

"जरा गोड लिहू का?"

"गोड जेवायला येणाऱ्यांना. आणि कोण खेळतंय तेबी मला कळलं पायजे."

मग यादी झाली. जगदेवी नाव वाचायची, अण्णा मान हलवायचा. तीनशे बारा माना हलल्या. त्यात रुद्राणीचं नाव नव्हतं, आणि नाही हे दोघांपैकी कुणी बोललं नाही.

रुद्राणी या दोघांमधली बहीण. कुर्डुवाडीला शाळेत शिकवायची. अकरा वर्षांपूर्वी बसूच्या, म्हणजे गुरुबसप्पांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात अण्णाला फुरसत झाली नाही, म्हणून त्यानं पत्रिका दुकानातल्या माणसाबरोबर पाठवली. सख्ख्या बहिणीला बोलवायला हमाल? रुद्राणीनं त्याला चहा पाजला, चिवडा दिला आणि त्याच्याच हाती पत्रिका परत धाडली. त्यावर अण्णा म्हणाला, आता बोलावणारच न्हाय. आणि त्यानं शब्द पाळला. घरात पाळण्यासारखे दुसरे पुष्कळ शब्द होते, पण पाळला हाच.

यादीत नसलेलं नाव कुणी घातलं, तर ते आता एका शीटमध्ये वेळेसकट उतरत होतं. जगदेवी रोज दुपारी ते बघायची. पहिल्या दिवशी सगळा शिवपुत्रच होता. चंद्री, सरपंच, कुकर. मंगळवारी चार नव्या ओळी दिसल्या.

rudrani
rudraniakka
rudraniatya
rudri

अकरा मिनिटांत चार वेळा. जगदेवी त्या ओळींकडे बघत राहिली. अक्का म्हणून ती स्वतः हाक मारायची, आत्या म्हणून शिवानी. कुठल्या ना कुठल्या नावानं आपल्याला घातलं असेल, असं समजून अक्का एकेक नाव लावून बघत होती. आणि चारी वेळा तिला तेच वाक्य वाचायला मिळालं होतं.

तिनं शिवपुत्राला फोन लावला. "अक्काला लिंक तू धाडलीस?"

"व्हय. भाचीचं लगीन हाय, बघू दे की. का? उघडंना का तिला?"

जगदेवीनं फोन ठेवला आणि कुणाला न विचारता यादीत तीनशे तेरावं नाव घातलं. दुसऱ्याच दिवशी कुर्डुवाडीहून फोन आला.

"माझं नाव कुणी घातलं गं?"

"होतंच की, अक्का."

"काल नव्हतं. मास्तरीण हाय मी, मला नको शिकवू. अण्णाला ठाऊक हाय?"

"तू ये तर आधी, अक्का."

"मग काढ. तू चोरून घातलेल्या नावावर जेवायला येऊ का मी? काढ म्हणते ना."

जगदेवीनं नाव काढलं. मग शीट फोनवर उघडून ती बाळीवेशीत गेली.

अण्णानं चष्मा लावून सगळ्या ओळी वाचल्या. चंद्रीला हसला. पुढं सरकला आणि हसू थांबलं.

"शिवपुत्राचाच उद्योग हाय ह्यो बी."

"शेवटचं नाव त्याला ठाऊक हाय का, अण्णा?"

रुद्री ही हाक घरात एकट्या अण्णाची होती. दोन किलो ज्वारी मागणारी बाई आली, तिला त्यानं ज्वारी दिली, सुटे पैसे दिले, वर मूठभर जास्त घातली. मग स्वतःचा फोन काढून म्हणाला, "कुटं लिहायचं असतं ते?"

तिनं दाखवलं. त्यानं प्रश्नचिन्हापुढचं आपलं नाव एकेक अक्षर मागं जात खोडलं आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, rudri लिहिलं. पान उघडलं. त्यानं वाक्य वाचलं. मग ओठ हलवत पुन्हा वाचलं.

"हे वाक्य आधी काढ," तो म्हणाला.

"त्याच्या जागी काय लिहू?"

"काय बी नको. मोकळं ठेव."

रविवारी सकाळच्या गाडीनं अण्णा आणि वहिनी कुर्डुवाडीला गेले. संध्याकाळी जगदेवी माहेरी पोचली तेव्हा अण्णा ओसरीवर पाय दाबत बसला होता.

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार? अर्धा तास दारातच भांडली. मग आत घेतलं." त्यानं पाय दाबायचं सोडलं. "तिला शुगर हाय म्हणं. चार वर्षं झाली. तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मला कुणी सांगितलं न्हाय."

तुला कोण सांगणार, असं जगदेवीच्या ओठांवर आलं होतं. तिनं विचारलं, "लग्नाला येणार का?"

"बघते म्हणाली." तो पुन्हा पाय दाबू लागला. "यादीत नाव घाल तिचं."

"कुठलं घालू? रुद्राणी, का—"

"चारी बी घाल," अण्णा म्हणाला. "ती काय बी लिहू दे, उघडलं पायजे."